दारासमोरचे खांब

इथून लय मस्त दिसन बाई यात्रा, असं कांताबाई तिच्या जावेला म्हणाली, ते मी ऐकलं. मला उद्देशून नव्हतंच ते. दोघी स्लॅबच्या सेंट्रिंगच्या फळ्यांवर, पुढच्या गॅलरीच्या अगदी कडेला पाय खाली सोडून बसल्या होत्या आणि डोक्यावर घमेलं घ्यायला जुन्या लुगड्याची चुंबळ वळत होत्या. मी खाली उभी, हातात नकाशा. जाऊ म्हणाली, तू काय एकलीच येशीन का, अख्खं गाव चढन इथं, आन् पुढं उभी राहाले भांडण करशीन तू. दोघी हसल्या. आणि मी एकदम घाबरले. का घाबरले ते सांगते, पण आधी मी कोण, कुठली ते सांगायला हवं, नाहीतर ताई, तुम्हाला वाटेल, एवढ्याशा बोलण्यात घाबरण्यासारखं काय होतं.

मी कारंज्याची. अब्बांचं टाइल्स आणि नळाच्या सामानाचं दुकान आहे, आजोबा गवंडीकाम करायचे, त्यामुळे सिमेंटचा वास मला लहानपणापासून घरातलाच वाटतो. घरात आम्ही हिंदी-उर्दू मिसळून बोलतो, बाजारात सगळे वऱ्हाडी, आणि अब्बांनी मला घातलं इंग्रजी शाळेत. काय सांगू तुम्हाला, तीन भाषा येतात आणि तिन्हींत मी गप्प. शाळेत इंग्रजी सोडून दुसरं बोललं की बाकावर उभं करायचे, म्हणून मी आधी मनात वाक्य जुळवायची, ते जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा, मग ते वाक्य तसंच पोटात राहायचं. पाहुणे विचारायचे, ही बोलत नाही का हो? अम्मी म्हणायची, सोचती है. अब्बा म्हणायचे, बेटा, बडे बात करें तो बीच में नहीं बोलना. मला तर बीच में काय, शेवटीही बोलता यायचं नाही.

पण ऐकायची सवय लागली. दुकानात काउंटरमागे अभ्यास करत बसायची, तेव्हा एक कळलं होतं, गिऱ्हाईक अब्बांशी जे बोलतं ते वेगळं आणि जाताना दारात चपला घालताना आपल्या बायकोशी जे बोलतं तेच खरं. म्हणून मी अजूनही दारातलं बोलणं जास्त ऐकते. कांताबाईचं ते बोलणं दारातलंच होतं, असं समजा.

अमरावतीला सिव्हिल शिकले आणि वाशिमला एका सरांच्या ऑफिसात लागले. सर इमारतींचे नकाशे, लोखंडाचा हिशेब, सगळं करतात. माणूस फार चांगला. मुलाखतीत मी जेमतेम हो-नाही केलं, तर म्हणाले, कमी बोलतेस, बरं आहे, इथे बोलणारे पुष्कळ झाले. फक्त त्यांचे दोन फोन, आणि दोन्ही एकाच वेळी वाजतात.

तर हे गाव पोहरादेवीच्या रस्त्यावरचं, चैत्रातली यात्रा इथूनच जाते. बाबाराव काका म्हणून तिथले जुने शेतकरी, त्यांनी रस्त्याला लागून असलेली आपली जागा अभ्यासिकेसाठी दिली, कारण गावातल्या पोरी बारावीनंतर परीक्षांचा अभ्यास करायला वाशिमला खोली करून राहतात किंवा मग घरीच बसतात. खाली वाचायची खोली, वर पुढे-मागे पोरींसाठी आणखी एक, आणि तिच्यासमोर रस्त्याच्या बाजूने लांब गॅलरी. नकाशा सरांचा. माझ्या आधी जो नकाशे काढायचा तो मुलगा पुण्याला गेला, मी त्याच्या जागी. मला पाठवलं होतं ते स्लॅबच्या आधीचं लोखंड तपासायला.

आणि मी तपासलं हो. टेप लावून तपासलं. कुठली सळई कुठे, किती अंतरावर, सगळं नकाशाशी ताडून पाहिलं, कुठे बोटभर फरक नाही. शामराव मिस्त्री तर ताठ मानेने उभे. मॅडम, नकाशात जसं हाय तसंच बांधलं, तुमच्या सायबाच्या नकाशावर मी आपली अक्कल चालवत नाही. मी म्हणाले, हो, नकाशाप्रमाणे आहे. ते खरंच होतं.

स्लॅबचा दिवस म्हणजे आमच्याकडे लग्नघर असतं. मिक्सर आलेला, वाळू-गिट्टीचे ढीग, बायका-माणसं, काकांनी जिलबी सांगितलेली, पोरंबाळं सकाळपासून जिलबीच्या वाटेकडे डोळे लावून. आणि काका येणाऱ्या-जाणाऱ्याला इमारत दाखवत होते. सारखं एकच सांगत होते, इथं दारासमोर तीन खांब होते बरं का नकाशात, मधला तं बरोब्बर दाराच्या तोंडावर, आता पोरी शिकाले येतीन आन् दारातच वेध? मी सायबाले फोन केला, सायबानं एका मिनिटात तीनही काढून टाकले, पाह्य आता कसं मोकळं दिसून राह्यलं.

हे मी सकाळपासून चार वेळा ऐकलं होतं. दारासमोर खांब आला की वेध लागतो, ते अशुभ, हे आमच्या दुकानात येणारी गिऱ्हाइकंही बोलायची, त्यात मला काही नवीन वाटलं नाही. पण कांताबाई म्हणाली, इथून यात्रा दिसन, आणि मी वर पाहिलं, तिचे लोंबणारे पाय पाहिले, मग त्या पायांखाली पाहिलं. खाली नुसत्या बल्ल्या. लाकडाच्या टेकू दिलेल्या बल्ल्या, स्लॅब पक्का झाला की काढून नेतात त्या. मला मनात दिसलं, बल्ल्या गेल्या, यात्रेचा दिवस आहे, रस्त्यावरून ढोल वाजत चाललेत आणि गॅलरीच्या कडेला सगळ्या गावच्या बाया दाटीवाटीने उभ्या आहेत. आणि पुढून त्यांना धरायला काहीच नाही.

ते खांब होते तोवर गॅलरी दोन्हीकडून टेकलेली होती, भिंतीवर आणि खांबांवर. तशी टेकलेली गोष्ट मधे वाकते, खालून ताणली जाते, म्हणून मुख्य लोखंड खाली घालतात. खांब काढले की ती नुसती भिंतीतून बाहेर आलेली, हात पुढे केल्यासारखी. मग ती टोकाला वाकते आणि वरून ताणली जाते. लोखंड वर पाहिजे, आणि मागे स्लॅबमधे लांबपर्यंत गेलेलं पाहिजे. नकाशात खांब पुसले होते. लोखंड मात्र खांब असल्यासारखंच राहिलं होतं, खाली. मिस्त्रींनी अगदी बरोबर बांधलं होतं. मी अगदी बरोबर तपासलं होतं. आणि ती गॅलरी पडणार होती.

सरांना फोन लावला, लागेना. पुन्हा लावला, दोन्ही नंबर बिझी. तेवढ्यात काका हळद-कुंकवाचं ताट घेऊन आलेच. आता तुम्हाला माहीत आहे, आपल्याकडे एकदा नारळ फुटला की स्लॅब थांबवत नाहीत, अपशकुन मानतात, आणि पहिलं घमेलं पडलं की कुणाचा बाप आला तरी मिक्सर बंद होत नाही. म्हणजे जे काय बोलायचं ते नारळाच्या आधी. आणि मी काय बोलणार होते? की सरांचं चुकलं? इतक्या लोकांत, ज्यांनी मला नोकरी दिली त्यांचं? आणि माझंच चुकत असेल तर? मनात वाक्य जुळवायला घेतलं, ते इंग्रजीत जुळलं, इंग्रजी तिथे कुणाला सांगू, मग मराठीत जुळवायला घेतलं, तोवर काकांनी दगडाला कुंकू लावलं, नारळ कपाळाला लावला आणि हात वर केला.

मी काय केलं माहीत आहे? मी जाऊन त्या दगडावर हात ठेवला.

अवो पोरी, हात काढ, लागन ना, काका ओरडले. सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मिस्त्री म्हणाले, सकाळपासून मॅडम बोलल्या नाहीत, आता डायरेक नारळच धरला. लोक हसले. माझे कान तापले, पण हात काही मी काढला नाही. म्हणाले, काका, थांबा. गॅलरीचं लोखंड चुकलंय.

मिस्त्रींचं हसू गेलं. काहून चुकन? नकाशात हाय तसं हाय, आताच तुमी हो म्हणल्या. मी म्हणाले, मिस्त्री, तुमचं नाही चुकलं, नकाशाचं चुकलंय. ते म्हणाले, नकाशा सायबाचा हाय. मी म्हणाले, हो. कांताबाई खाली उतरून भाकरीचं फडकं बाजूला ठेवत होती, मी तिला म्हणाले, बाई, एक भाकर देता का? तिला वाटलं मला भूक लागून चक्कर आली. म्हणाली, घ्या ना माय, उपाशी कायले राह्यता.

ज्वारीची जाड भाकर. मी तिची एक कड दोन्ही हातांनी घट्ट धरली, बाकीची भाकर समोर हवेत, आणि मिस्त्रींना म्हणाले, पुढच्या टोकाला बोटाने दाबा. त्यांनी दाबलं. भाकर माझ्या बोटांजवळ तडकली, वरच्या बाजूने. मी म्हणाले, पाहा, वरून फाटली, आणि आपलं लोखंड आहे खाली. मिस्त्रींनी भाकर हातात घेतली, उलटी केली, परत सुलटी केली. मग गॅलरीकडे पाहिलं, मग खाली जिथे खांब यायचे होते त्या मोकळ्या जागेकडे. हळूच म्हणाले, खांब गेले तवा हेबी पलटाले पाह्यजे होतं. मी म्हणाले, हो. ती भाकर आम्ही दोघांनी अर्धी-अर्धी खाल्ली, अन्न टाकून कसं चालेल. कांताबाई म्हणाली, सोबत ठेचा बी घ्या, नाहीतं नुसती कशी उतरन.

काका अजून दगडापाशीच उभे होते. नारळ तसाच हातात. एक जण मागून म्हणाला, चांगल्या कामात ह्या बाईनं खोडा घातला. ते लागलं मला, खोटं कशाला सांगू. तेवढ्यात सरांचा फोन आला. मी एवढंच म्हणाले, सर, पुढचे खांब आपण काढले, गॅलरी आता नुसती भिंतीवर आहे आणि मेन स्टील खाली आहे. सरांनी विचारलं, नारळ फुटला का? मी म्हणाले, नाही. सर म्हणाले, फोडू देऊ नकोस, मी निघालो.

सर आले, गॅलरीखाली जाऊन उभे राहिले, वर पाहत. मला वाटलं होतं मला बाजूला नेऊन बोलतील. पण त्यांनी सगळ्यांसमोरच काकांना सांगितलं, चूक माझी आहे, फोनवर खांब काढले आणि त्यांच्यावर काय काय टेकलं होतं ते पुन्हा पाहिलं नाही. काका म्हणाले, सायेब, तुमी एका मिनिटात काढले तवाच मले कळाले पाह्यजे होतं, एवढं सोपं काम कधी असते का? आणि मग म्हणाले, जाऊ द्या, जिलबी तं येऊन राह्यली, ती तं परत जात नाही. त्या दिवशी स्लॅब पडलाच नाही आणि सगळ्यांनी जिलबी खाल्ली. मिक्सरवाला तेवढा कुरकुरत गेला.

सरांनी हिशेब नव्याने केला, यात्रेची गर्दी धरून. ते मला विचारत होते, इथे किती माणसं उभी राहतील गं? मी म्हणाले, सर, माणसं नाही, बायका, आणि जेवढ्या मावतील तेवढ्या. त्यांनी तेच धरलं. मिस्त्रींनी लोखंड उकललं, वर बांधलं, मागे लांब नेलं, कुणी पाय देऊन दाबू नये म्हणून खाली सळया वाकवून केलेले टेकू, आम्ही खुर्च्या म्हणतो, ते ठेवले, आणि कुणी वर चढलं की ओरडायचे, पाय जपून ठेव, भाकर तडकन. नंतर नारळ फुटला. काकांनी तो माझ्या हातून फोडवला. पहिल्या फटक्यात फुटला नाही, हे पण सांगते.

कारंज्याला घरी गेले तेव्हा रात्री जेवताना अब्बांना सांगितलं. ते म्हणाले, नारियल के नीचे हाथ रख दिया? लग जाता तो? आणि खूप हसले. मग थोड्या वेळाने म्हणाले, वो बीच में नहीं बोलनेवाली बात, वो मैंने मेहमानों के लिए बोली थी बेटा.

आता ऑफिसात कुणाचा फोन आला, हे काढा, ते सरकवा, की सर फोन माझ्याकडे देतात. मी ऐकून घेते, त्यावर काय काय टेकलंय ते आधी पाहते, मग सांगते. एका मिनिटात काही होत नाही आमच्याकडे. शामराव मिस्त्री दुसऱ्या कामांवरूनही फोन करतात, मॅडम, जरा येऊन पाह्यता का, मले काई बरोबर वाटून नाही राह्यलं. मी जाते. अजूनही बोलण्याआधी वाक्य जुळवते, पण जुळलं की सोडून देत नाही.

अभ्यासिका सुरू झाली. सकाळी पोरी येतात, दारासमोर सायकली लावतात, जिथे खांब यायचे होते तिथेच. अल्लाहने त्या सगळ्यांना हव्या त्या परीक्षेत पास करावं.

आणि यंदा चैत्रात यात्रेला काकांनी मला बोलावलं. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. ढोल ऐकू यायला लागले आणि गॅलरी भरली, खरंच सगळं गाव चढलं, कडेला कांताबाई, कठड्याला दोन्ही हातांनी धरून. मी खालीच उभी होते. वर पाहत होते, यात्रेकडे नाही, गॅलरीच्या पोटाकडे. गुळगुळीत होतं, एक चीर नाही, तरी नजर हलेना. कांताबाईने वरून पाहिलं आणि ओरडली, अवो मॅडम, आमाले चढवलं वर आन् तुमी खाली? का भेव वाटून राह्यलं का? सगळ्या बायका हसायला लागल्या.

मी जिना चढून गेले. वर पाय ठेवायला जागा नव्हती, सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे, पुढचं काही दिसत नव्हतं. एरवी मी तशीच पाठीमागे उभी राहिले असते, ढोलाचा आवाज ऐकत, आणि यात्रा सरल्यावर उतरले असते. पण मी कांताबाईच्या खांद्यावर हात ठेवला आणि चांगलं मोठ्याने म्हणाले, सरका ना बाई जराशा, मले बी पाहू द्या.