घरात घेतलेली सायकल

फिनलंडच्या दक्षिणेकडून उत्तरेतल्या औलू शहरात नुकतीच बदलून आलेली पिर्को औषधाच्या दुकानात रांगेत उभी होती. बाहेर उणे वीस अंश. पुढे दोघे गृहस्थ बोलत होते.

"काय रे वेइक्को, नाक गळतंय? तू तर म्हणायचास, हिवाळ्यात सायकलने कामावर जाणाऱ्याला सर्दी शिवत नाही!"

"नाहीच शिवत! सायकल बंद पडली, म्हणून झाली."

"तुझी सायकल? बंद?"

"नव्या सुनेला तिची दया आली. रात्री उचलून घरात, हीटरपाशी ठेवली."

"अरे देवा! बर्फ वितळला असणार."

"सगळं पाणी साखळीत नि ब्रेकमध्ये. सकाळी बाहेर काढली, तर दाराशीच गोठून दगड. गेलो मुकाट बसने. पुढचा खोकतोय, मागचा शिंकतोय, खिडक्या बंद."

"सुनेला झापलंस ना?"

"छे रे! ती बिचारी माझ्यासाठी लोकरीचे मोजे विणतेय. म्हणते, बाबा, आता तरी सायकल सोडा."

"मग आज कसा आलास?"

"सायकलने! बाहेर बर्फात उभी आहे, ठणठणीत."

पिर्कोचा नंबर पुकारला, तेव्हा ती रांगेत नव्हती. दाराच्या आत, हीटरपाशी गुडघे टेकून ती गळ्यातल्या मफलरने, येताना आत घेतलेल्या आपल्या सायकलची साखळी पुसत होती.