चूक माझ्या कात्रीची

आमचं मूळ गाव देगलूरकडचं, म्हणजे वडिलांचं, मी तर जन्मले ती हैदराबादेत, मलकपेठेतच. वडील बेगम बाजारात मसाल्याच्या दुकानात माल तोलायचे, घरी आले की अंगाला मिरचीचा असा वास, आम्ही पोरं शिंकून शिंकून हैराण. घरात मराठी, गल्लीत उर्दू, शाळेत तेलुगू, म्हणून माझी भाषा ही अशी आहे, तुम्ही लिहिताना सुधरवू नक्को ताई, नाहीतर ती माझी राहायची नाही.

शिवण मला शेजारच्या बानूखालानं शिकवलं. फार कडक बाई, टाका वाकडा गेला की आख्खी शिवण उसवायला लावायची. पण तिनं एक गोष्ट अशी शिकवली की ती हातातच बसली माझ्या. गिऱ्हाइकाच्या अंगाला ऐब काढायचा नाही. कुणाचा एक खांदा उतरलेला असतो, कुणाची छाती एकीकडं कमी एकीकडं जास्त असते, सगळ्यांचंच असतं थोडं थोडं, पण बाई आरशासमोर उभी राहून म्हणाली की हे इथं ओढायलंय, तर आपण म्हणायचं, हौ अम्मा, चूक माझ्या कात्रीची, काढा, ठीक करून देते. अन् गुपचूप आत कापसाची पट्टी घालायची, टक्स खाली घ्यायचा, टक्स म्हणजे छातीपाशी शिवणीत चुण्या घेतो ना आपण, त्या. बाई खूश होऊन जाते. तीस वर्षं मी हेच केलं. हिमायतनगरच्या वकिलांच्या घरच्या बायका ऑटो करून माझ्याकडं यायच्या, का, तर माझ्या हातचा कटोरी ब्लाउज अंगावर बोलतो म्हणायच्या. अन् नमुना कोण, तर मीच. शिवलेलं अंगात घालून दारात उभी राहायचे, पाटी लावायची गरजच नाही पडली कधी.

तर आता मुद्द्याचं सांगते. तेलंगणा होणार, होणार, असं चाललं होतं त्या दिवसांतली गोष्ट. आमचे हे सरकारी कचेरीत क्लार्क. रोज उठून बंद, नाहीतर मोर्चा, नाहीतर ह्यांचा संप. त्यात मला नहाताना डाव्या बाजूला गाठ लागली. तपासलं, कॅन्सर निघाला. रडले की नाही म्हणाल तर रडले, दोन दिवस, मग डॉक्टरीणबाईंना सरळ विचारलं की तुम्ही हे काढणार, तर त्या जागी काही करून देता का. आमचे हे बाजूला बसलेले, म्हणाले, अगं कशाला, मला काही फरक पडत नाही. म्हणलं, तुम्हाला नाही पडत, मला पडतो. खरंच सांगते ताई, मरायची भीती होती, पण दारात उभी राहता येणार नाही ह्याची त्याहून जास्त होती. आता लाज वाटते सांगायला, पण होती.

डॉक्टरीणबाई तेलुगू, पण उर्दूत छान समजावून सांगायच्या. म्हणाल्या, होतं, आत सिलिकॉनचं बसवतो, पण तुम्हाला नंतर शेक द्यावे लागणार, ते रेडिएशनचे, त्यानं कधी कधी ते घट्ट होतं, आखडतं, वर चढतं. घट्ट लागलं, लाल दिसलं, ताप आला, लगेच यायचं, वाट बघायची नाही. मी हौ हौ म्हणलं. ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले, शेक झाले, सगळं चार माणसांचं होतं तसं माझं झालं, त्यात नवल काय सांगू. पण ती बाजू काय सुरेख दिसायची! मी स्वतःसाठी मोरपंखी रंगाचा ब्लाउज शिवला, आरशासमोर उभी राहिले, पुढून बघितलं, बाजूनं बघितलं, कुठं एक सुरकुती नाही. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

मग दोन-तीन महिन्यांनी तो मोरपंखी डावीकडं वर ओढायला लागला. अन् मी काय केलं, हसाल तुम्ही, मी म्हणलं, चूक माझ्या कात्रीची. खरंच तसंच वाटलं, देवाशपथ. उसवलं, टक्स वर घेतला, उजवीकडं थोडा कापूस भरला, झालं बरोबर. पंधरा दिवसांनी परत ओढायलंय. परत उसवलं. असं चार वेळा. हाताला घट्ट लागायचं, कैरीसारखं, हात वर केला की कळ यायची, पण आरशात तर सगळं बरोबर दिसत होतं ना. मीच तसं करत होते अन् मीच त्यावर विश्वास ठेवत होते.

तपासणीला का गेले नाही म्हणाल, तर एकदा गाड्या बंद होत्या, एकदा ह्यांच्या कचेरीत याद्यांची गडबड. राज्य झालं तर कोण इकडं राहणार, कोण तिकडं आंध्रात जाणार, कुणी म्हणे जन्म बघणार, कुणी म्हणे शाळा बघणार, हे रात्रंदिवस परेशान, शाळेचे दाखले शोधत बसायचे. त्यात माझं अजून कुठं घालू म्हणून गप्प बसले. हे खरं आहे. पण अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं हे की गेले अन् त्यांनी काढायचं म्हणलं तर?

मग एक दिवस दुपारी अंगात कणकण, काजं करायला घेतली तर सुई दिसेना नीट. हे संपामुळं घरीच होते. म्हणाले, ब्लाउजवर ओलं काय आहे? मी म्हणलं, पाणी सांडलं. त्यांनी हुक काढले. लग्नाला सत्तावीस वर्षं झालेली, पण ऑपरेशननंतर मी त्यांना ते उजेडात बघू दिलं नव्हतं. कातडी लाल झालेली अन् एका जागी लसणाच्या सालीसारखी पातळ, आतलं दिसायलंय. ते खाली बसले. म्हणाले, किती दिवस झाले? मी पदर ओढून घेतला.

त्या दिवशीही बंदच होता. स्कूटरवर गल्लीगल्लीतून नेलं त्यांनी मला, चौकात पोरांनी अडवलं, टायर जळत होते, हे नुसते ओरडले, तब्येत खराब है इनकी, हटो. हटले बिचारे, एकानं तर पुढं धावत जाऊन रस्ता करून दिला.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कधीपासून? मी म्हणलं, चार वेळा उसवला. त्यांना कळेना. मग ह्यांनी सांगितलं, घरात मला तो ब्लाउज परत परत उसवताना बघितलं होतं त्यांनी. त्या म्हणाल्या, अम्मा, घट्ट झालं ते शेकामुळं, त्यात तुमची चूक नाही, पण आत जंतू गेलेत, लाल झालं तेव्हाच आला असता तर काही करून बघता आलं असतं. आता काढायलाच लागेल, आजच, नाहीतर रक्तात जाईल. मी हात जोडले. म्हणलं, इंजेक्शन द्या, कितीही द्या, पण ते राहू द्या. त्या नाही म्हणाल्या. हे माझ्या चपला कॉटखाली नीट लावत होते, परत परत लावत होते, अन् ते बघून मी म्हणलं, आणा कागद, सही करते.

काढलं. जखम भरायला फार वेळ लागला. भरल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता पाठीचं मांस घेऊन परत करता येतं, पुष्कळ बायका करतात, चांगलं होतं. खोटं नाही सांगत, एक महिना विचार केला. मग नक्को म्हणलं. दुसऱ्या कुणी करून घेतलं तर मी वाईट म्हणणार नाही, मी पण हौसेनंच केलं होतं. पण माझं शरीर दमलं होतं, अन् मला आता काही लपवत बसायचं नव्हतं. तोवर राज्य झालं. ह्यांचं नाव इकडंच राहिलं.

पुन्हा मशीनवर बसले तेव्हा पहिल्यांदा स्वतःचं माप घेतलं, डावं वेगळं, उजवं वेगळं. कापड पण तसंच कापलं, डावीकडं टक्स नाही, कापूस नाही, सपाट. अंगात घातलं तर कुठंच ओढत नव्हतं.

हिमायतनगरच्या एक वकीलीणबाई आल्या, जुन्या गिऱ्हाईक, त्यांना कुणी काही सांगितलेलं नसावं. मला खालीवर बघून म्हणाल्या, अगं सुमन, लोकांचं इतकं छान शिवतेस अन् स्वतःच्याच ब्लाउजची डावी बाजू बिघडवलीस की. तोंडात आलंच होतं ताई, हौ अम्मा, कात्रीची चूक. तीस वर्षांची सवय. गिळलं. म्हणलं, नाही वहिनी, ब्लाउज बरोबर आहे. त्या बाजूला मला छाती नाही. त्या घाबरल्या. मी टेप उचलली अन् म्हणलं, हात वर करा, तुमचं माप घेऊ या.