सुलतानपूरचं इंजिन

(धामणगाव बढे. बद्रुद्दीन मिस्त्रीचं गॅरेज, मागच्या अंगाला घर. एप्रिलमधली दुपार.)

बद्रुद्दीन: सुलतानपूरले! चिखली गेलं, मेहकर गेलं, त्याच्याई पलीकडं! धामणगावातले मिस्त्री काय मेले होते काय, कुलदीप?

कुलदीप: तसं नाई, चाचा. रेसची मोटरसायकल हाय. जुनेदभाईजवळ ताकद मोजाची मशीन हाय. गाडी चढवली का आकडा दाखवते.

बद्रुद्दीन: मशीन! मी नुसत्या आवाजावून सांगतो कोणती रिंग घासली ते. तीन सालं तुले पयला नंबर कोण्या मशीननं आणून देल्ला बे?

कुलदीप: तुमीच देल्ला. मी कुठं नाई म्हणतो?

नूरबी: अहो, त्याले बसू तं द्या आंधी. कुलदीप, च्या ठेवू का?

बद्रुद्दीन: कायले? सुलतानपूरले पिऊन आला असन तो.

नूरबी: काईबी बोलता तुमी!

कुलदीप: ठेवा चाची, अर्धा कप.

बद्रुद्दीन: खरं सांग लेका. त्या कालच्या मिस्त्रीत काय पाह्यलं तू? मोबाईलवर व्हिडिओ टाकते म्हणून भुलला?

कुलदीप: सांगू? राग नाई ना येणार?

बद्रुद्दीन: येईन. सांग.

कुलदीप: मांगच्या साली तुमी 'उद्या देतो, उद्या देतो' म्हणून मले नऊ खेपा माराले लावल्या. रेसच्या दिवशी सकाळी गाडी हातात आली. चालवून पाहाले टाईम नाई भेटला. तीन सालं पयला येणारा मी, दुसरा आलो. जुनेदभाईनं तारीख देल्ली अन् त्या तारखेले काम सुरू केलं.

बद्रुद्दीन: इंजिन हाय ते, भजं नाई! तेलात सोडलं का तळून निंगते काय?

कुलदीप: म्हणूनच म्हटलं होतं, राग येईन.

बद्रुद्दीन: पिकते तिथं विकत नाई, दुसरं काय. मंग इथं कायले आला? मीठ चोळाले?

कुलदीप: त्यानंच धाडलं. पिस्टन तुमचाच टाकून राह्यला तो. तुमी अकोल्याच्या बाजारात सहा पिस्टन मोजून एक निवडला होता ना, तोच. पिस्टन ज्यानं निवडला माप त्यानंच सांगावं, म्हणे. पिस्टन अन् सिलिंडरच्या मधात फट किती पॉइंट ठेवाची, ते इचाराले आलो.

बद्रुद्दीन: एवढी मशीन हाय, तिले इचार म्हणा.

कुलदीप: चाचा, चालवतो मीच. सांगा ना.

बद्रुद्दीन: चार.

कुलदीप: चार पॉइंट?

बद्रुद्दीन: आता का पाटीवर लिहून देऊ? चार! जाय.

कुलदीप: बरं. त्याले इथूनच फोन करून टाकतो. येतो, चाची. च्या राहू द्या आता.

नूरबी: गेला बिचारा, च्या न पेताच. चार काऊन सांगतलं?

बद्रुद्दीन: काय चार?

नूरबी: मी अडाणी हाय, बहिरी नाई. तीस सालं झाले, भिंतीपलीकडून तुमचे आकडे ऐकून राह्यली मी. या पिस्टनले उन्हाळ्यात सातच्या खाली ठेवू नको, तापला का फुगते, असं परवाच गॅरेजातल्या पोराले, शिवमले, सांगत होते तुमी.

बद्रुद्दीन: जुनेद हुशार हाय ना? समजून घेईन तो. नाई समजलं, तं भर मैदानात इंजिन जाम होईन. साऱ्या जिल्ह्याले दिसू दे मंग मिस्त्री कोण हाय ते.

नूरबी: अन् त्या इंजिनावर कोण बसलं असन?

बद्रुद्दीन: तू स्वयंपाक पाह्य तुया.

नूरबी: शंभरच्या वेगात चाक अडकलं तं तो पोरगा कुठं जाऊन पडन? त्याच्या बापाले, भगवानरावले, काय तोंड दाखवसान? पोटात दुखते तुमच्या, तं ओवा खा. कोणाचा जीव कायले घेता?

बद्रुद्दीन: हाव, दुखते! लय दुखते! ज्याच्या गाडीसाठी ईदच्या दिवशी हात काळे केले, तो माह्याच दारात उभा राहून दुसऱ्या मिस्त्रीचे गोडवे गाते! अन् तू त्याले च्या पाजाले निंगाली!

नूरबी: जळा. कितीबी जळा, मी नाई अडवत. पण फोन लावा.

बद्रुद्दीन: उचलून नाई राह्यला तो. गाडीवर असन.

नूरबी: मंग जुनेदले लावा.

बद्रुद्दीन: त्याले? मी?

नूरबी: मी लावू? म्हणू, का आमच्या यायनं खोटं सांगतलं?

बद्रुद्दीन: आण इकडं. हॅलो, जुनेद का? बद्रुद्दीन बोलून राह्यलो, धामणगाववून.

जुनेद: सलाम, चाचा! कुलदीपचा आताच फोन आला होता. सिलिंडर कोराच्या मशीनवर बांधलंच हाय, चार पॉइंटवर—

बद्रुद्दीन: थांब! चार नाई. सात ठेव.

जुनेद: सात? मले बी चार कमीच वाटून राह्यलं होतं. पण म्हटलं, चाचा म्हणतात, तं काईतरी असन त्यात.

बद्रुद्दीन: काई नव्हतं त्यात. मी जाणून चुकीचं सांगतलं.

जुनेद: जाणून?

बद्रुद्दीन: हाव. कुलदीपले सांगाचं असन तं सांग.

जुनेद: कायले सांगू, चाचा? माप भेटलं मले. सात ठेवतो.

बद्रुद्दीन: सिलिंडरमधले पोर्ट, हवा-धूर जायाचे, कापून झाले का?

जुनेद: परवाच झाले.

बद्रुद्दीन: कसे झाले?

जुनेद: चांगले झाले.

बद्रुद्दीन: माह्याहून?

जुनेद: चाचा, आता काय सांगू...

बद्रुद्दीन: राहू दे. ठेव फोन, काम कर.