कागदाचा फ्रॉक

(ताम्हिणीच्या वरच्या अंगाला एका वाडीतली चौथीपर्यंतची शाळा. एकच खोली. भर दुपार. जमिनीवर कागदाचे कपटे. शिक्षणखात्याच्या साहेबांची जीप नुकतीच घाट उतरून गेली आहे.)

कोंडिबा : पर बाई, सगळ्यांस्नी एकच होडी कराया लावली असती, तर काय बिघडलं असतं?

जान्हवीबाई : बाबा, शनिवारी मी असंच करते. जुने पेपर, रंगीत कागद मधे टाकायचे आणि सांगायचं, ज्याला जे सुचेल ते करा. पहिलीतलं फाडतं, चौथीतलं घड्या घालतं. सगळ्या इयत्ता एका खोलीत, दुसरं करणार काय?

कोंडिबा : रोजचं येगळं. आज सायेब पोरं मोजाया आलं व्हतं. धा भरली तर शाळा ऱ्हाईल म्हनलं व्हतं. आपली आठ. म्हून तर माझ्या दोनी नाती आनून बसवल्या.

जान्हवीबाई : चार वर्षांची मनू पहिलीत आणि पंधरा वर्षांची हेमलता चौथीत! मीही गप्प बसले. तुम्हाला एकट्याला कसं बोलू?

कोंडिबा : हाडापेरानं बारीक हाय हेमलता. दोन येण्या घातल्या, खपून गेलं असतं. सकाळी सगळ्यांच्या आदी येऊन बसली व्हती.

जान्हवीबाई : खपलंच होतं. साहेब दारापर्यंत गेले होते. मनूनं नुसते कपटे केलेत बघून हसलेसुद्धा. मग हेमलतापुढं थांबले.

कोंडिबा : मी भाईर डायवरला च्या देत व्हतो. तिनं काय केलं व्हतं?

जान्हवीबाई : हे बघा. पेपरचं कटिंग. पाठ, पुढचा भाग, बाह्या, कॉलर. कमरेला चुण्यांच्या खुणा. चौथीतल्या मुलीची कात्री अशी चालते का?

कोंडिबा : मामीकडं मशीन शिकली ती. चौथी झाली आन् शाळा सुटली, बसून काय करनार? खालची शाळा दीड तासाची वाट.

जान्हवीबाई : साहेबांनी विचारलं, हे काय गं? तर म्हणाली, मनूचा शाळेचा फ्रॉक. दोन वर्षांनी ती पहिलीत जाईल ना, तेव्हाचा.

कोंडिबा : आरं देवा.

जान्हवीबाई : नाव आणि इयत्ता तेवढी आपण पाठ करून घेतली होती. पुढचं कुठं काय शिकवलं होतं?

कोंडिबा : म्हंजी पोरीनंच घालवली शाळा.

जान्हवीबाई : असं तोंडातून काढू नका बाबा! साहेबांनी बॅगेतून पत्र काढून माझ्या हातात दिलं. शाळा बंद करायचं. टाईप केलेलं, सहीशिक्क्यासकट. तारीख मागच्या सोमवारची.

कोंडिबा : सोमवारची? मग आज पोरं कशाला मोजली?

जान्हवीबाई : रकाना भरायचा होता.

कोंडिबा : आन् जूनपास्नं?

जान्हवीबाई : जूनपासून सगळी खालच्या शाळेत. माझी बदली कोळवणला.

कोंडिबा : तुमाला येष्टी हाय. हितनं पावसात वढा वलांडून कोन धाडंल लेकरं? दोन पोरं त्यांचा बाप न्हेईल गाडीवर, बाकीची गुरामागं. मनूबी हेमलतावानीच घरी.

जान्हवीबाई : मी अर्ज करते वरती.

कोंडिबा : करा. आमीबी आंगठं देतू. काय हुतंय त्यानं, तुमालाबी ठावं हाय.

जान्हवीबाई : ठाऊक आहे. अगं हेमलता! दाराआड कधीपासून उभी आहेस? ये आत. ऐकलंस ना सगळं? तुझ्यामुळं काही झालेलं नाही. आधीच ठरलं होतं.

हेमलता : ऐकलं बाई.

कोंडिबा : मग रडतीस कशापायी?

हेमलता : आदीच ठरलं व्हतं, तर मला आज पुन्यांदा वर्गात कशाला बसवलं?