साहेबांवर माझा दात

सन्माननीय अध्यक्षबाई, व्यासपीठावरील संचालक मंडळी, आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत ते आपले तांत्रिक प्रमुख, म्हणजे आपणा सर्वांचे साहेब, पहिल्या रांगेत बसलेले त्यांचे मेहुणे, आणि माझ्यासारखेच या कंपनीच्या सर्व्हरवर भाड्याने राहणारे डेंटल लॅबवाले बंधू-भगिनींनो,

भाडेकरूंच्या वतीने चार शब्द बोलण्याचा मान मला मिळाला. साहेबांना वाटलं असेल, ही गुच्छ देईल, गोड बोलेल आणि खाली बसेल. गुच्छ दिलाय. गोड बोलण्याचं मात्र जमेलसं वाटत नाही.

काहींच्या घरची मंडळी आली आहेत, त्यांच्यासाठी थोडं सांगते. आम्ही कवळ्या आणि दात बनवतो. दातांचे आकार आता कॉम्प्युटरवर असतात आणि ते ठेवायला ही कंपनी आम्हाला जागा देते. इमारत एक, पण प्रत्येक लॅबची खोली वेगळी आणि कुलूपबंद. मध्ये एक सामायिक कपाट. आपण होऊन त्यात जे ठेवू, तेवढंच इतरांनी वापरायचं. ही कुलपं साहेबांनी बसवली. काम चोख होतं, यात शंका नाही. फक्त एक किल्ली सगळीकडे चालायची, आणि ती त्यांच्या खिशात होती.

माझे बाबा जन्मभर मेणात दात कोरत आले. म्हातारपणी त्यांच्या मनाने एकच घेतलं होतं: सत्तरीच्या माणसाच्या तोंडात विशीचे दात का बसवायचे? म्हणून त्यांनी पुढच्या दातांचा एक संच कोरला. कडा जरा झिजलेल्या, एक दात किंचित वळलेला, रंग चहा पिणाऱ्या माणसाचा. शेजारच्या काकूंना तो बसवला, तेव्हा त्या आरशासमोरून हलेनात. "अरे, ही तर मीच!" म्हणाल्या. मी तो संच स्कॅन करून आमच्या खोलीत ठेवला. कपाटात नव्हे, खोलीत.

आम्ही तो बाजारात आणायच्या आत मेहुण्यांच्या लॅबने आणला. तोच झिजलेला, तोच वळलेला. मग आम्ही आमचा दाखवला, तर डॉक्टर बाबांनाच विचारायला लागले, "काय हो, या वयात नक्कल?" बाबा साहेबांच्या केबिनमध्ये गेले. मीही होते. साहेब खुर्चीतून उठले नाहीत. म्हणाले, "आजोबा, दात दातांसारखेच दिसणार ना? विसरायला होतं या वयात. कुणाचं तरी पाहिलं असेल तुम्ही."

साहेब, पाणी घ्या. अजून थोडं आहे.

पुढे लॅबवाल्यांच्या सभेतही तुम्ही हेच सांगितलंत, की म्हाताऱ्याचं डोकं चालत नाही. त्या दिवसापासून बाबांनी कोरणी हातात घेतली नाही. मेण वितळवायचा दिवा आईने पुसून फडताळात ठेवला. रात्री जेवताना बाबा मला विचारायचे, "खरंच मी कुठे पाहिलं असेल का गं?" ज्या माणसाने दात घडवले, त्यालाच स्वतःच्या हातांचा संशय येऊ लागला. चोरी मी एक वेळ गिळली असती. हे कसं गिळायचं?

आपल्या भाषेत राग धरून ठेवण्याला फार छान शब्द आहे. साहेब, माझा तुमच्यावर दात होता. म्हणून मी खरोखरच एक दात तयार केला.

माझ्या या पुढच्या दाताकडे पाहा. लाजू नका, मागच्यांनीही पाहा. लहानपणी सायकलवरून पडले, कोपरा तुटला. तो तिरका तुटलेला दात मी जसाच्या तसा स्कॅन केला, आमच्या खोलीत ठेवला आणि त्याला "नैसर्गिक छटा, नवीन" असं भारदस्त नाव दिलं. ही गोष्ट फक्त बाबांना ठाऊक होती. नाव वाचून ते कित्येक दिवसांनी हसले.

काही आठवड्यांनी आमच्या ओळखीच्या दंतवैद्यबाईंचा फोन आला. "अगं, त्या साहेबांच्या मेहुण्यांचा विक्रेता नमुने देऊन गेलाय. तुझा दात माझ्या टेबलावर कसा?"

मी तक्रार केली. संचालकांपुढे साहेब म्हणाले, "योगायोग असतो." मी वाद घातला नाही. नमुना टेबलावर ठेवला आणि अध्यक्षबाईंकडे पाहून हसले. बाईंनी एकदा टेबलाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. साहेबांची मात्र दातखीळ बसली.

त्यानंतर ती किल्ली गेली, आणि मेहुण्यांकडचा बाबांचा संचही. आता खोलीतलं असो वा कपाटातलं, त्या वस्तूच्या मालकाने स्वतः परवानगी दिल्याशिवाय कुणालाही काही उघडता येत नाही, प्रमुखालासुद्धा नाही. आणि साहेब "प्रकृतीच्या कारणास्तव" निवृत्त होत आहेत. संचालकांनी मला विचारलं होतं, काय हवं? मी म्हटलं, निरोप थाटात करा आणि माईक मला द्या. अध्यक्षबाई, तुम्ही शब्द पाळलात.

साहेब उद्यापासून मेहुण्यांच्या लॅबमध्ये सल्लागार आहेत. अभिनंदन. डॉक्टर आता बाबांचा तोच जुना संच मागताहेत, म्हणून साहेबांनी काल रीतसर विनंती पाठवली. मालकाच्या नावे, म्हणजे बाबांच्या फोनवर.

आज निघताना बाबांनी विचारलं, "सूड घ्यायला चाललीस?"

"हो."

"मग जेवून जा. उपाशीपोटी आवाज कापतो."

मी जेवत होते, तेव्हा त्यांनी चष्मा लावला, फोन दूर धरला आणि "नकार" दाबलं. फोनने विचारलं, "नक्की?" बाबांचा चेहरा उजळला. म्हणाले, "काय सोय केलीय गं! दोनदा नाही म्हणता येतं." आणि पुन्हा दाबलं.

तेवढा निरोप द्यायचा होता, साहेब. दिला.

अध्यक्षबाईंची, संचालकांची आणि इतका वेळ शांतपणे ऐकून घेतलंत म्हणून आपणा सर्वांची मी ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात एखादा शब्द जास्त गेला असेल, तर सभागृहाने मोठ्या मनाने पोटात घालावा. क्षमा मी सभागृहाकडे मागते आहे. साहेबांकडे नाही.