तोंडावर बोट

अमरावतीच्या स्टँडवर हरिहररावांची बाळापूरची बस लागली होती. पण मागच्या बाकावर एक आजोबा आपल्या नातीच्या मॅडमना जाब विचारत होते, म्हणून हरिहररावांनी बस जाऊ दिली.

"मॅडम, माह्या दीक्षाले गाण्याच्या कार्यशाळेतून बाहेर काहून काढलं?"

"डोमाजीभाऊ, बुवांचा तोडी राग असा रंगात आला होता, आणि ही मध्येच ओरडली!"

"काय ओरडली?"

"वाह!"

"आस्सं. मले वाटलं, शिवी देल्ली का काय."

"अहो, तीन दिवस सराव घेतला होता आम्ही. हाताची घडी, तोंडावर बोट. तीनशे मुलांत दुसऱ्या कुणी चूं केलं नाही."

"बुवा रागावले का?"

"ते म्हणाले, हिला माझ्यासमोर बसवा. त्यांचं काय, पाहुणे जातात निघून. शिस्त आम्हाला सांभाळायची असते."

"उद्याच्या गाण्याले तरी बसू देसान न तिले?"

"देईन. पण अगदी शेवटच्या रांगेत."

"बसवा मॅडम, बिनधास्त बसवा. पोरीचा आवाज पोचते तेथून."