खालच्या मजल्याच्या पसंतीचे पिकअप

गिटार दुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढे एक तरुण आणि एक काका उभे होते. तरुण दुकानदाराला म्हणाला,

“गिटारच्या तारांचा आवाज पकडणारे हे जुने पिकअप काढून नवे बसवायचेत. कोणते, ते हे काका सांगतील, त्यांचाच हट्ट आहे.”

“काका वाजवतात?”

“छे हो! मी याच्या खालच्या मजल्यावर राहतो. वाजवणार हा, भोगणार मी. मग निवड कोणाची?”

“तेही खरंच. हा पिकअप आवाजाला गोड आहे, हा कडक.”

“गोडच द्या. रोज संध्याकाळी सहाला डोक्यात घण पडतात!”

“आवाज मोठा करणारा ॲम्प केवढा आहे रे तुझा?”

“ॲम्प नाहीच. मी हेडफोन लावून वाजवतो.”

“मग दोन वर्षं मी सहाला ऐकतोय ते काय?”

“म्हणजे सहाचा तो आवाज तुमच्या घरातला नाही? काका, तो ऐकू येऊ नये म्हणूनच तर मी हेडफोन घेतले!”